अँटिव्हायरसच्या कन्सोललाच भोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मरोळपासून फोर्टपर्यंतच्या काही ऑफिसांची कॉम्प्युटर-नेटवर्कची व्यवस्था मी एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारावर, सांभाळतो. ऑफिसातल्या सगळ्या मशीनचा अँटिव्हायरस किंवा फायरवॉल एका जागेवरून हाकणारा जो सर्व्हर असतो (त्याचं ताबा-पान म्हणजे मॅनेजमेंट कन्सोल), त्यातच बाहेरच्याला घुसता येतं अशी बातमी आली की माझा फोन दोन दिवस थांबत नाही. विचारणारे वेगळे, प्रश्न तेच. म्हणून एकदाचं लिहून काढलं. उदाहरणाला ऑगस्ट २०२५ मधलं ट्रेंड मायक्रो कंपनीच्या ॲपेक्स वन या अँटिव्हायरसचं प्रकरण घेतलंय, कारण ते निस्तरण्यात माझा अख्खा पंधरवडा गेला. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचा कन्सोल असला तरी बहुतेक उत्तरं लागू पडतील.

नेमकं काय झालं होतं?

५ ऑगस्ट २०२५ ला ट्रेंड मायक्रोने जाहीर केलं की ॲपेक्स वनच्या ऑन-प्रिमाइस, म्हणजे आपल्याच ऑफिसात बसवलेल्या, मॅनेजमेंट कन्सोलमध्ये दोन गंभीर त्रुटी आहेत. त्यांचे क्रमांक सीव्हीई-२०२५-५४९४८ आणि सीव्हीई-२०२५-५४९८७ (सीव्हीई म्हणजे त्रुटींच्या जागतिक यादीतला नंबर). मूळ दोष एकच, दुसरा क्रमांक वेगळ्या सीपीयू आर्किटेक्चरसाठी दिलेला. तीव्रता १० पैकी ९.४. युजरनेम नाही, पासवर्ड नाही, नुसता कन्सोलपर्यंत पोचता आलं की त्या सर्व्हरवर आपला कोड चढवायचा आणि हवे ते हुकूम सोडायचे, इतकी ती सोय होती. ॲपेक्स वन २०१९ चे बिल्ड (व्हर्जनचा बारीक नंबर) १४०३९ आणि त्याखालचे सगळे सर्व्हर यात आले.

बातमी आली त्या दिवशी पूर्ण पॅच, म्हणजे दुरुस्तीची अपडेट, तयार नव्हता, आणि ही त्रुटी वापरायचा निदान एक प्रयत्न झालेला कंपनीने स्वतः पाहिला होता. आधी तात्पुरतं फिक्स टूल आलं, खरा पॅच ऑगस्टच्या मध्यावर. १८ ऑगस्टला अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ५४९४८ ला ‘प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या त्रुटीं’च्या यादीत घातलं आणि तिथल्या केंद्रीय खात्यांना ८ सप्टेंबरपर्यंतची मुदत दिली. मुंबईकरांना ही १८ तारीख वेगळ्याच कारणाने आठवेल. १८ आणि १९ ऑगस्टला पावसाने शहर बंद पाडलं होतं. १९ ला सरकारी ऑफिसांना सुट्टी, खासगीवाल्यांना घरून काम करा म्हणून सांगणं. सर्व्हर ऑफिसात, आम्ही घरात, आणि पॅच डाउनलोडमध्ये.

‘रिमोट कोड एक्झिक्युशन’ म्हणजे काय? आमच्या अकाउंटंटला कळेल असं सांगा.

अकाउंटंटलाच चांगलं कळेल. चेक लिहिताना अक्षरी रकमेपुढे आपण ‘फक्त’ लिहून रेघ मारतो. का? मोकळी जागा सोडली तर मधल्या मधे कुणीतरी पुढे आणखी शब्द घालेल म्हणून. सही आपली, खातं आपलं, बँक मुकाट पैसे देणार.

कन्सोलमध्येही अशा रिकाम्या जागा असतात. समजा एका चौकटीत मशीनचं नाव टाकायचंय. सर्व्हर ते नाव घेतो, एका हुकुमात बसवतो आणि विंडोजला चालवायला देतो. आता कुणी नावाला चिकटवून पुढे स्वतःचा एक हुकूम लिहिला, आणि ‘फक्त’ची रेघ मारायला प्रोग्रामर विसरला असेल, तर विंडोज दोन्ही हुकूम चालवतं. सही सर्व्हरचीच असते. याला कमांड इंजेक्शन म्हणतात आणि ॲपेक्स वनची त्रुटी याच जातीची. मार्च २०२४ मध्ये फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टिक्लायंट ईएमएस या अशाच कन्सोलमध्ये याचीच चुलत बहीण निघाली होती. तिथे हुकूम डेटाबेसच्या प्रश्नात घुसवता येत होता आणि डेटाबेसमार्फत थेट विंडोजपर्यंत जाता येत होतं.

‘रिमोट’ म्हणजे हे सगळं दुसऱ्या जागेवर बसून. तुमच्या खुर्चीवर कुणी येऊन बसायची गरज नाही.

पण तो अँटिव्हायरसच आहे ना? त्याच्यातच भोक कसं असेल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी फसवलं गेल्याची भावना असते. अँटिव्हायरस हाही माणसांनीच लिहिलेला प्रोग्रॅम. टॅलीत चूक निघते तशी यातही निघते. फरक एवढाच की टॅलीच्या हातात ऑफिसच्या चाव्या नसतात.

सोसायटीच्या वॉचमनची केबिन आठवा. टेरेस, मीटर रूम, पंप हाउस, क्लब हाउस, सगळ्यांच्या किल्ल्या एका बोर्डावर टांगलेल्या असतात, खाली नंबर. चोराला बावीस फ्लॅटची कुलपं फोडत बसायचं कारण काय? तो केबिन गाठतो. मॅनेजमेंट कन्सोल म्हणजे हा बोर्ड. प्रत्येक मशीनवर अँटिव्हायरसचा जो छोटा प्रोग्रॅम, म्हणजे एजंट, बसलेला असतो त्याला विंडोजमधले सर्वात वरचे हक्क असतात, नाहीतर तो व्हायरस काढणार कसा? आणि तो एजंट कन्सोलचं ऐकतो. कन्सोल म्हणाला हे सॉफ्टवेअर बसव, तर बसवतो. हे फोल्डर तपासू नकोस म्हणाला, तर डोळे मिटतो. घुसलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं!

जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकमध्ये २०१९ साली घुसखोरी उघडकीस आली, तेव्हाही चोरांनी अँटिव्हायरसच्याच अशा एका त्रुटीचा वापर केला होता, पॅच यायच्या आधी. ॲपेक्स वनमध्ये २०२२ आणि २०२३ मध्येही प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या गेलेल्या त्रुटी निघाल्या होत्या. एका कंपनीला झोडपून उपयोग नाही, फोर्टिनेट, सिस्को, इव्हान्टी, सगळ्यांच्या घरी हे झालंय.

एजंटची पोच किती असते ते १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने बघितलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवून बसल्या. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. तो हल्ला नव्हता, साधी चूक होती. तेवढीच पोच हल्लेखोराच्या हाती आली तर काय, हे त्यावरून समजावं.

आमचा कन्सोल आतल्या नेटवर्कवर आहे. बाहेरून दिसतच नाही. मग आम्हाला काय?

तुम्हाला खात्री आहे? मी हे खोचकपणे विचारत नाही.

त्या पावसाच्या आठवड्यात एका ऑफिसचे मॅनेजर मला हेच छातीठोक सांगत होते. ऑफिसचं नाव कशाला घ्या. मी घरून त्यांच्या फायरवॉलमध्ये शिरलो आणि नियमांची यादी वाचत खाली आलो. अठ्ठेचाळिसाव्या नियमात पोर्ट ४३४३, म्हणजे सर्व्हरचं त्या नंबरचं दार, सगळ्या जगाला उघडा. ॲपेक्स वनचा कन्सोल ठरलेला याच पोर्टवर ऐकतो. नियमाचं नाव ‘टेम्प’. बनवल्याची तारीख एप्रिल २०२०, म्हणजे पहिला लॉकडाउन. शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी लिहून ठेवलेलं: ‘सर बोलले, डिलीट करू नका’. ते सर केव्हाच नोकरी सोडून गेलेले, ज्याने नियम बनवला तो पोरगा आता दुबईला. पाच वर्षं तो दरवाजा उघडा होता आणि कुणाच्या स्वप्नातही नव्हता. मॅनेजरसाहेबांना फोन केला तर पलीकडे बराच वेळ नुसता पावसाचा आवाज.

तेव्हा आधी बाहेरून तपासा. मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून ऑफिसचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) आणि पुढे तो पोर्ट टाकून बघा. लॉगिनचं पान उघडलं तर आजच बंद करा, हे वाचून होईपर्यंतही थांबू नका. एकापेक्षा जास्त इंटरनेट लाइन असतील तर प्रत्येकीचा आयपी तपासा. बॅकअप लाइन सगळेच विसरतात.

घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपना कन्सोलशी बोलावं लागतं हे खरं आहे. पण एजंटने हजेरी लावणं वेगळं आणि ॲडमिनचं पान जगाला दाखवणं वेगळं. एजंटसाठी एज रिले नावाचा मधला सर्व्हर असतो, किंवा सरळ व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतची बंद खासगी वाट. कन्सोलचं पान मात्र आतल्या दोन-तीन ठरावीक मशीनवरूनच उघडलं पाहिजे. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या ब्राउझरमधून ते दिसायचं काही कारण नाही. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर एखादी फिशिंग मेल उघडली गेली की चोर ‘आत’च असतो, आणि मग ‘आमचं आत आहे’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

आमच्याकडे कुठलं व्हर्जन आहे, किंबहुना असा सर्व्हर आहे का, हेच माहीत नाही.

यात लाजण्यासारखं काही नाही, निम्म्या ऑफिसांची हीच कथा. कुठल्याही मशीनच्या घड्याळाशेजारी जो अँटिव्हायरसचा आयकॉन असतो त्यावर राइट क्लिक करा. तो कुठल्या सर्व्हरशी जोडलाय ते नाव किंवा आयपी तिथे माहितीच्या चौकटीत बहुतेक वेळा सापडतं. त्या सर्व्हरवर जाऊन कन्सोलच्या ‘अबाउट’मध्ये बिल्ड नंबर बघा. रिन्यूअलचं बिल शोधा, बिलावर ‘सर्व्हिस’ किंवा ‘क्लाउड’ असं असेल तर प्रकरण वेगळं, त्याबद्दल खाली लिहिलंय. आणि जुना बदलून नवा अँटिव्हायरस घेतला असेल तर जुन्याचा कन्सोल खरंच काढलाय का हेही बघा. एका ठिकाणी टेबलाखाली, पाय शेकायला ठेवल्यासारखा, तो अजून चालू होता.

९.४ म्हणजे किती वाईट?

फार वाईट. पण नुसत्या आकड्याला घाबरू नका आणि नुसत्या आकड्यावर निवांतही होऊ नका. त्याच ऑगस्टमध्ये, १४ तारखेला, सिस्कोच्या फायरवॉल मॅनेजमेंट सेंटरमध्ये पुरे १० गुणांची त्रुटी जाहीर झाली. पण कन्सोलचं लॉगिन रेडियस या पासवर्ड तपासणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवरून तपासायची सोय ज्यांनी चालू केली होती त्यांनाच तिचा धोका होता. बाकीच्यांना काही नाही. म्हणजे १० असून काहींना शून्य, आणि ९.४ असून ज्याचा पोर्ट जगाला उघडा त्याला आजची आज आग. कंपनीचं पत्रक मथळ्यापुरतं वाचू नका, ‘कुणाला लागू’ हा परिच्छेद वाचा. माझ्या हिशेबी गुणांपेक्षा एकच प्रश्न मोठा: हे कुणी प्रत्यक्षात वापरतंय का? सिसाच्या यादीत नाव आलं की चर्चा संपली.

पॅच यायच्या आधी काय करायचं?

त्यावेळी जे फिक्स टूल आलं होतं ते एक गोष्ट करायचं: कन्सोलमधून दूरच्या मशीनवर एजंट बसवण्याची सोय बंद. त्रुटी त्या वाटेवर होती. लोकांनी कुरकुर केली की आता नव्या मशीनवर बसवायचं कसं. इन्स्टॉलरचं पॅकेज बनवून किंवा शेअर्ड फोल्डरमधून बसवता येतच होतं, फक्त उठून मशीनपर्यंत जावं लागत होतं. पंधरा दिवस जावं.

पॅच नसेल आणि टूलही नसेल तेव्हा वाट आवळायची. फायरवॉलवर आणि सर्व्हरच्या स्वतःच्या विंडोज फायरवॉलवर, दोन्हीकडे, कन्सोलच्या पोर्टला ठरावीक आयपी सोडून सगळ्यांना मनाई.

तोपर्यंत कन्सोल बंदच ठेवला तर?

दोन-चार दिवस चालतं. एजंट स्वतःच्या बळावर काम करत राहतात, फक्त व्हायरस ओळखायच्या नव्या खुणा (सिग्नेचर) आणि अहवाल अडकतात. आठवडाभर मात्र नको.

पॅच लावला. आता सुटलो ना?

नाही. सगळं पान विसरलात तरी चालेल, एवढं उत्तर लक्षात ठेवा.

पॅच म्हणजे तुटलेलं कुलूप बदलणं. कुलूप बदलताना चोर माळ्यावर बसलेला असेल तर नवं कुलूप त्याला आत ठेवून लागतं. २३ ऑक्टोबर २०२४ ला फोर्टिमॅनेजरची, म्हणजे फोर्टिनेटच्या फायरवॉल हाकणाऱ्या कन्सोलची, ९.८ गुणांची त्रुटी जाहीर झाली. मॅन्डिअन्ट या सायबर तपास कंपनीच्या तपासात निघालं की हल्लेखोर निदान २७ जूनपासून ती वापरत होते. जवळपास चार महिने. आणि त्यांनी काय नेलं? त्या कन्सोलखाली असलेल्या फायरवॉलची सगळी कॉन्फिगरेशन, युजर आणि त्यांचे हॅश केलेले, म्हणजे सांकेतिक रूपातले, पासवर्ड. आता ज्याने ऑक्टोबरमध्ये घाईघाईने पॅच लावला आणि हात झटकले, त्याच्या ऑफिसचा नकाशा दुसऱ्याच्या खिशातच राहिला. पॅचने तो परत येत नाही.

म्हणून पॅचनंतर, निदान कन्सोल बाहेरून उघडा होता असं दिसलं तर, पासवर्ड बदला. कुठले? नुसता कन्सोलचा ॲडमिन नव्हे. एजंट दूरवरून बसवायला तुम्ही कुठलं खातं वापरत होता? दहापैकी नऊ ठिकाणी उत्तर असतं ‘डोमेन ॲडमिन’, कारण ते सगळीकडे चालतं. मग तो पहिला. शिवाय डेटाबेसचं खातं, अहवाल मेलने पाठवायला दिलेला मेलबॉक्स, बॅकअपवाल्या सॉफ्टवेअरचं सर्व्हिस खातं. आणि घुसखोरीचा खरा पुरावा सापडला तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या (ऑफिसच्या सगळ्या युजरांची विंडोज यादी) केआरबीटीजीटी या लॉगिनची तिकिटं देणाऱ्या खात्याचा पासवर्ड दोनदा, मधे दहा-बारा तास सोडून. हे काम कंटाळवाणं आहे. त्यादिवशी प्रिंटर बंद पडतात, स्कॅनर रुसतात, लोक शिव्या घालतात. करा.

कन्सोलमधली वगळण्यांची यादीही वाचा, म्हणजे अँटिव्हायरसने तपासू नयेत अशी फोल्डरं. तिथे न ओळखीचं एखादं नाव दिसलं तर ते कुणी घातलं ते शोधा.

कुणी येऊन गेलंय हे कसं कळणार?

सर्व्हरवर कन्सोलचं पान आयआयएस, म्हणजे विंडोजचा वेब सर्व्हर, चालवतं, आणि त्याची प्रक्रिया म्हणजे डब्ल्यूथ्रीडब्ल्यूपी. हिचं काम वेब पानं देणं. हिच्या पोटातून सीएमडी किंवा पॉवरशेल (विंडोजला हुकूम देणारे प्रोग्रॅम) जन्मलेलं दिसलं, तर ते का, याचं उत्तर मिळेपर्यंत जागेवरून उठू नका. त्यापाठोपाठचे हुकूम जवळजवळ नेहमी तेच असतात. पहिला ‘हूअ‍ॅमआय’. आपण घरात शिरल्यावर ‘मी कोण’ असं विचारत नाही, परका माणूस विचारतो. मग नेटवर्कवर कोणकोण आहे, डोमेन ॲडमिनच्या गटात कुणाची नावं आहेत. त्यानंतर वेब फोल्डरमध्ये एखादी ताजी फाइल, शेजारच्या फाइली सगळ्या २०२३ च्या आणि ही एकटी काल रात्रीची. नवी शेड्युल्ड टास्क. नवा लोकल युजर, नाव अगदी साधं, ‘सपोर्ट’ वगैरे.

एक गंमत सांगतो, स्वतःवरची. याच प्रकरणात मला एका सर्व्हरच्या आयआयएस लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, पहाटे साडेचारला कन्सोलवर धडाधड विनंत्या आलेल्या दिसल्या. दीड तास मी घाम पुसत त्यांच्या मागे होतो. मग डोक्यात प्रकाश पडला: आयआयएस आपले लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहितं. साडेचार म्हणजे आपले सकाळचे दहा, आणि दहा वाजता आमचाच मुलगा नव्या मशीनवर एजंट बसवत होता. तेव्हा साडेपाच तास मिळवा, मग घाबरा.

लॉगच नसतील तर वरचं सगळं व्यर्थ. ते सर्व्हरवरच ठेवू नका, चोर आधी तेच पुसतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवणं तसंही बंधनकारक आहे, घड्याळं एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रमाण घड्याळाशी, जुळवून.

काहीतरी सापडलंच, तर पहिल्या तासात काय?

नेटवर्कची केबल काढा, पॉवर बंद करू नका. मशीन बंद केली की मेमरीतला पुरावा गेला. व्हर्च्युअल मशीन असेल तर मेमरीसकट स्नॅपशॉट घ्या आणि नेटवर्क अडॅप्टर तोडा. त्यावर अँटिव्हायरस स्कॅन मारू नका, ‘साफ’ करू नका, जुना बॅकअप त्याच मशीनवर ओतू नका. मोबाइलने पडद्याचे फोटो काढा, वेळ कागदावर लिहा. कागदावर, कारण तुमची मेल वाचली जात असू शकते. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच लिहू नका, तिथून अर्ध्या तासात ती बातमी पार्टीपर्यंत पोचते.

मग बघायचं की कन्सोलने गेल्या काही दिवसांत एजंटना काय काय पाठवलं. फाइल सर्व्हर, अकाउंट्स आणि बॅकअपची मशीन आधी. बॅकअपचा डिस्क बॉक्स नेटवर्कवरून ताबडतोब सोडवा.

सर्ट-इनला कळवायलाच पाहिजे का? उगाच पोलीस-बिलीस नको.

पाहिजे. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत. नियम माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब खालचा आहे, आणि कंपनी लहान आहे हे कारण चालत नाही, लहान-मध्यम उद्योगांना दिलेली सवलतीची मुदत २५ सप्टेंबर २०२२ लाच संपली. टोल फ्री नंबर १८००-११-४९४९. पूर्ण तपास होऊन मगच कळवायचं असा गैरसमज आहे, सहा तासांत जेवढं माहीत तेवढं कळवायचं, बाकी नंतर. सर्ट-इन म्हणजे पोलीस नव्हे, तिथून कुणी जीप घेऊन येत नाही.

ब्रोकर असाल तर सेबीलाही, बँक असाल तर रिझर्व्ह बँकेला २ ते ६ तासांत. बीकेसीतल्या लोकांना हे पाठ असतं. दादरच्या सब-ब्रोकरला बहुधा नसतं. १९३० हा नंबर मात्र पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, खात्यातून रक्कम गेली तर तिथेही करा.

क्लाउडवर गेलो तर ही कटकट संपेल?

ही विशिष्ट कटकट, हो. ॲपेक्स वनच्या क्लाउड आवृत्तीत कंपनीने ३१ जुलैलाच, म्हणजे जाहीर करण्याआधीच, बंदोबस्त केला होता. तिथल्या ग्राहकांनी बोटही उचललं नाही. ज्या ऑफिसात सर्व्हरकडे बघायला पूर्णवेळ माणूस नाही त्यांना मी आता क्लाउडच सुचवतो, सर्व्हरच्या धंद्यात माझं नुकसान होतं तरी. पण क्लाउड कन्सोलचा पासवर्ड चोरीला गेला तर किल्ल्यांचा बोर्ड तोच आहे, फक्त केबिन दुसरीकडे. दुसरा घटक, म्हणजे मोबाइलवरचा कोड, चालू केल्याशिवाय जाऊ नका.

शेठ म्हणतात, आपल्यासारख्या छोट्या ऑफिसात कोण येणार? खर्च कशाला?

शेठना न्हावा-शेवाची गोष्ट सांगा. २७ जून २०१७ ला युक्रेनमध्ये लोक वापरत असलेल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा व्हायरस सुटला. मुंबईशी त्याचं देणंघेणं नव्हतं. पण मर्स्क या जहाज कंपनीचं नेटवर्क त्यात गेलं आणि जेएनपीटीतलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल अडलं, कंटेनरचं काम हाताने करायची वेळ आली. मर्स्कने स्वतःचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. ज्यांचा माल त्या कंटेनरमध्ये होता त्या भिवंडी-वाशीच्या लोकांना हल्लेखोर ओळखतही नव्हते. उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम पाटी वाचत नाहीत, नुसते आयपी मोजत जातात.

आणि खर्च म्हणाल तर, वर सांगितलेलं जवळजवळ सगळं फुकट आहे. फायरवॉलचा नियम काढायला पैसे लागत नाहीत.

ग्राहक असून मीच आमच्या सर्व्हरवर तो एक्स्प्लॉइट, म्हणजे त्रुटीतून घुसायचा प्रोग्रॅम, चालवून बघितला तर?

नका बघू. इंटरनेटवर मिळणाऱ्या ‘टेस्ट’ फाइलींत अनेकदा दुसराच पाहुणा असतो. आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर, लेखी परवानगीशिवाय, गंमत म्हणूनही नाही: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. बिल्ड नंबर वाचून जे कळतं त्यासाठी दार फोडायची गरज नाही.

गणपतीत चार दिवस ऑफिस बंद असतं. तेव्हा काय?

हल्लेखोरांकडेही कॅलेंडर असतं. कासेया व्हीएसए या दूरवरून मशीन सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधून रेव्हिल टोळीने रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, पसरवलं तो दिवस २ जुलै २०२१, शुक्रवार, अमेरिकेतल्या ४ जुलैच्या सुट्टीच्या तोंडावर. आठशे ते दीड हजार धंदे सापडले, स्वीडनमध्ये कोऑप या साखळीची शेकडो दुकानं बिलिंग बंद पडून बंद राहिली. आणि त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरला अँटिव्हायरसमधून वगळा, ही सूचना लोकांनी आधीच इमानदारीने पाळलेली होती. चोराला सतरंजी अंथरून ठेवलेली.

मी काय करतो ते सांगतो. सुट्टी लागायच्या आदल्या दुपारी कन्सोलच्या पोर्टचा नियम पूर्ण बंद करून टाकतो, ठरावीक आयपींनाही नाही. बॅकअपची एक प्रत केबल काढून कपाटात. एकाचा नंबर ठरलेला, जो आरती सोडून फोन उचलेल. यंदा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मी गावी होतो, रेंज नव्हती, म्हणून विहिरीपाशी जाऊन उभा राहिलो आणि मेल तपासली. काही नव्हतं. परत येऊन उकडीच्या मोदकांना बसलो.